सगळं वाचण्याची परवानगी

गल्लीत तिला सगळे कानवाली म्हणत. पाटीवर 'श्रवण तपासणी केंद्र' असं ठळक लिहिलेलं होतं, खाली तिच्या पदव्याही होत्या, पण मान वर करून तेवढं वाचतो कोण? शिंप्याच्या दुकानावरचा पहिला मजला, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आणि टेबलामागे वन्सं. आतल्या खोलीत ती, तिचा संगणक आणि तपासणीची पेटी. पेटी म्हणजे जाड दाराची, कपाटाएवढी जागा. आत बसलं की बाहेरचं जग बंद. माणसाला तिच्यात बसवायचं, कानांना हेडफोन लावायचा आणि बारीक 'टिट्' ऐकू आलं की बटण दाबायला सांगायचं. वीस मिनिटांत कुठल्या कानाचं किती गेलंय त्याचा आलेख पडद्यावर उमटे.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंतींशी किती बोलणार, म्हणून दीड वर्षापूर्वी इथे येऊन बसल्या त्या बसल्याच. भावजयीला त्या नावाने हाक मारत नसत, 'अगं' म्हणत. त्या एका 'अगं'मध्ये माया, हुकूम आणि तक्रार तिन्ही मावत. त्यांचं तोंड दिवसभर चालू असे. खुर्चीवर वाट बघत बसलेल्या माणसाचा कुठला गुडघा दुखतो आणि त्याच्या सुनेचं माहेर कुठलं, हे त्यांना दहा मिनिटांत ठाऊक झालेलं असायचं. दुसरी खोड वाचायची. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागदसुद्धा त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. संगणकावर एखादी सूचना आली की चष्मा चढवून अक्षर न् अक्षर लावत, आणि मग आत हाक यायची, "अगं, हे काय विचारतंय बघ." सुरुवातीला कानवाली उठून जायची. नंतर नंतर आतूनच ओरडायची, "हो म्हणा, वन्सं, आणि पुढे चला! बाहेर चार माणसं बसलीयेत."

एका मंगळवारी सकाळी एक निवेदिका वेळ न घेताच जिना चढून आली. रेडिओवर तिचा रोजचा थेट कार्यक्रम असे. आवाज सगळ्यांना पाठ, चेहरा कुणाच्याच ओळखीचा नाही. तीन आठवड्यांपूर्वी तिची तपासणी झाली होती. डाव्या कानाचं ऐकणं निम्म्यावर आलं होतं. अहवाल हातात घेताना तिने बजावलं होतं, "हे माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नाही. कुठे जाता कामा नये."

आज ती खुर्चीवर बसलीही नाही.

"डॉक्टर, माझ्या कानाचं तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"मी? कुणालाच नाही."

"मग मला काल फोन कसा आला? श्रवणयंत्रं विकणाऱ्याचा. म्हणे, मॅडम, तुमच्या डाव्या कानात मध्यम स्वरूपाचा दोष आहे, आमच्याकडे दिसणारही नाही असं यंत्र आहे. डावा. मध्यम स्वरूपाचा. हे तुमच्या कागदावरचे शब्द आहेत."

कानवालीने तिचा अहवाल उघडून पाहिला. शब्द तेच होते.

"आणि मी फोन स्पीकरवर ठेवते," निवेदिका म्हणाली. तिचा तो सरावलेला आवाज पहिल्यांदाच घसरला. "कारण नुसता कानाला लावला तर मला नीट कळत नाही. खोलीत मी एकटी होते. त्याचं बोलणं संपेपर्यंत दारात आमचे कार्यक्रमप्रमुख येऊन उभे राहिले होते. पुढच्या आठवड्यापासून माझा कार्यक्रम आधी ध्वनिमुद्रित करायचा ठरलाय. थेट नाही. माझ्या काळजीपोटी, म्हणे."

ती निघाली तेव्हा बाहेर वन्संनी पाण्याचा पेला पुढे केला. निवेदिकेने पेल्याकडे पाहिलं, मग वन्संकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि पाणी न पिता खाली उतरली. ते पाहणं कानवालीच्या मनात काट्यासारखं रुतलं.

अहवाल बघणारी माणसं दोनच. ती स्वतः, आणि नोंद करून कागद छापून देणाऱ्या वन्सं. मग तिसरं कोण येणार?

त्या दिवसापासून तिचं एक लक्ष बाहेरच्या खोलीकडे लागलं. आधी न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या. वन्संकडे एक निळी वही होती. त्या पडद्याकडे बघत तीत काहीतरी उतरवून घेत आणि कुणी आलं की खणात सरकवत. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या जिन्याच्या वळणावर जाऊन फोनवर बोलत. एरवी ज्यांचं बोलणं खाली शिंप्याला ऐकू जायचं, त्या वन्सं हळू आवाजात! एकदा कानवाली पाय न वाजवता दाराआड उभी राहिली. स्वतःचीच लाज वाटली, पण उभी राहिली.

"...अगं, सगळं वाचता येतं त्यांना," वन्सं सांगत होत्या. "एकाचं नाही, सगळ्यांचं. हो, नाव, नंबर, सगळं... मी म्हटलं ना तुला, लिहून ठेवलंय मी..."

कानवाली आत येऊन बसली. आणखी काय ऐकायचं राहिलं होतं?

घरी गेल्यावर तिने नवऱ्याला आडून आडून विचारलं. "वन्सं एक्स्चेंजमध्ये होत्या, तेव्हा लोकांचं बोलणं कानावर पडत असेल ना?"

"पडायचंच." नवरा शर्टाला इस्त्री करत होता. "पण ताईच्या पोटातून कधी काही बाहेर आलं नाही. बाबा कामाला होते तो कारखाना बंद होणार, हे तिला आदल्या दिवशी कळलं होतं. मालकाचा फोन तिनेच जोडून दिला होता. घरात चकार शब्द काढला नाही. सकाळी बाबा डबा घेऊन गेले आणि कुलूप बघून परत आले. वर्षभर बोलत नव्हते तिच्याशी."

दुसऱ्या कुणाला या गोष्टीने धीर आला असता. पण संशय एकदा घरात शिरला की काहीही खाऊन वाढतो. सख्ख्या बापासमोर जी बाई तोंडावरची सुरकुती हलू देत नाही, ती माझ्यासमोर किती सहज लपवत असेल, असंच तिच्या मनात आलं.

तिने सापळा लावायचं ठरवलं. घरात एक जुना फोन होता, त्यात नवं सिमकार्ड घातलं. मग दोन खोटे पेशंट तयार केले. पहिला एक म्हातारा घड्याळजी. त्याची माहिती तिने वन्संना तोंडी सांगितली, "एकटे राहतात, उजव्या कानाचा त्रास आहे, शुक्रवारची चारची वेळ द्या," आणि वन्संनी ती त्यांच्या संगणकावर भरली. ही नोंद आपल्या संगणकावर उघडायचीच नाही, असं तिने पक्कं केलं. दुसरी एक शिवणकाम शिकवणारी बाई. तिचा डाव्या कानाचा अख्खा अहवाल कानवालीने स्वतः, आतल्या खोलीत रचला आणि ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या नोंदींच्या प्रोग्रॅममध्ये 'फक्त डॉक्टर' अशी खूण करून ठेवला, म्हणजे बाहेरच्या टेबलावर तो दिसलाच नसता. दोघांनाही नंबर एकच, त्या जुन्या फोनचा.

तिचा हिशेब सरळ होता. फक्त घड्याळजीसाठी फोन आला, तर वन्सं. दोघांसाठीही आला, तर हा प्रोग्रॅम बनवणारी कंपनीच चोर. फक्त शिवणवाल्या बाईसाठी आला तर काय, हा विचार तिच्या डोक्यात आलाच नाही. येणार तरी कसा? त्या बाईला तिच्याशिवाय कुणी ओळखतच नव्हतं.

फोन तिने आवाज बंद करून आपल्या खणात ठेवला. पहिले काही दिवस तो थरथरला की ती धावत बघायची, तर केंद्राचाच नंबर. वन्सं घड्याळजीला वेळेची आठवण करून द्यायला फोन करत होत्या. शुक्रवारी चार वाजून गेले तेव्हा त्या आत येऊन म्हणाल्या, "अगं, ते घड्याळजी आले नाहीत. चार वेळा लावला, उचलतच नाहीत. एकटा माणूस, पडलाबिडला तर नसेल? पत्ता असता तर जाऊन आले असते."

"येतील हो," कानवाली पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. मनात मात्र म्हणत होती, किती ही काळजी! नाटकात काम करायला हवं होतं यांनी.

अकराव्या दिवशी दुपारी खणातला फोन पुन्हा थरथरला. नंबर अनोळखी. तिने उचलला.

"नमस्कार मॅडम, आपण शिवणकामाचे वर्ग घेता ना? आपल्या डाव्या कानाच्या त्रासासाठी..."

तिला पुढचं ऐकूच आलं नाही. थोड्या वेळाने तिने स्वतःलाच विचारताना ऐकलं, "माझा नंबर तुम्हाला कुणी दिला?"

"यादीत येतो, मॅडम. कंपनी याद्या विकत घेते. कुठून येतात ते आम्हाला नाही सांगत."

"त्या यादीत एक घड्याळजी आहेत का? याच नंबरचे?"

पलीकडे कळा दाबल्याचे आवाज आले. "नाही, मॅडम. या नंबरवर तुम्ही एकट्याच."

तिने फोन ठेवला आणि समोरच्या पडद्याकडे पाहिलं. शिवणवाली बाई या खोलीतून कधी बाहेर गेलीच नव्हती. मग बाहेर गेलं ते याच यंत्रातून. आणि या यंत्राला हात लावणारी ती एकटी.

तिने बोलावलेला संगणक दुरुस्तीवाला तासाभराने आला. पोट सुटलेला, संथ माणूस. यंत्रापेक्षा माणसांना जास्त प्रश्न विचारायची त्याची पद्धत. त्याने ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या कोड्याच्या तुकड्यासारख्या चिन्हावर क्लिक केलं. खाली ब्राउझरला जोडलेल्या जादा सोयींची यादी उघडली, त्यात एकच ओळ.

"हे पान छापायचं एक्स्टेन्शन कुणी टाकलं?"

"मीच. दोन वर्षं झाली. त्याच्याशिवाय अहवाल तीन पानांवर छापला जायचा, कडेच्या पट्ट्या, जाहिराती, सगळं यायचं. यामुळे एका पानात मावतो. बाहेरच्या टेबलावरच्या यंत्रावरही तेव्हाच टाकलं. का?"

"मध्यंतरी याने काही विचारलं होतं? स्वतःहून बंद पडून, नवी परवानगी द्या वगैरे?"

तिला आठवलं. दोन महिन्यांपूर्वी, गर्दीच्या दिवशी. पेटीत एक आजोबा बसलेले, बाहेर त्यांची मुलगी घाई करतेय, आणि छापायचं बटण मधेच चालेना. एक चौकट आली होती. तिने न वाचता 'स्वीकारा' दाबलं होतं. बटण लगेच चालू झालं होतं.

दुरुस्तीवाल्याने परवानग्यांचं पान उघडून पडदा तिच्याकडे वळवला. 'सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचा आणि बदला', असं तिथे साध्या मराठीत लिहिलेलं होतं. इतकं साधं, की न समजायला काही जागाच नव्हती.

"आधी याला एवढा हक्क नव्हता," तो म्हणाला. "तुम्ही बटण दाबाल तेव्हा, समोर असेल तेवढंच पान वाचायचं. मग ज्याने बनवलं त्याने ते दुसऱ्या कुणाला विकलं. इथे मालकाचं नाव बदललेलं दिसतंय. नव्या मालकाने नवी परवानगी मागितली."

"आणि मी दिली."

"सगळेच देतात. थांबा, खात्री करू." त्याने संगणकातून काय कुठे जातं ते दाखवणारी एक बाजूची पट्टी उघडली आणि तिला एक अहवाल उघडायला सांगितला. अहवाल पडद्यावर आला, त्याच क्षणी पट्टीत एका अनोळखी पत्त्याची ओळ उमटली. दुसरा उघडला, पुन्हा तोच पत्ता. "पान उघडलं की त्याची नक्कल तिकडे जातेय. पुढे कोण कुणाला विकतं, ते मी सिद्ध नाही करू शकत. पण एवढं तुम्ही स्वतःच बघितलंत."

दोन महिने. ती रोज दहा-बारा अहवाल उघडत होती, जुनेही.

"बाहेरचंही यंत्र बघून घेऊ," असं म्हणून तो उठला. ती मागोमाग गेली. वन्सं बाजूला सरकून उभ्या राहिल्या. त्यांच्या ब्राउझरमध्येही तेच एक्स्टेन्शन होतं, पण करडं, बंद पडलेलं.

"हे बंद कुणी केलं?"

"मी," वन्सं जरा दबूनच म्हणाल्या. "त्याने विचारलं, मी नाही म्हटलं. तेव्हापासून माझ्याकडून तीन-तीन पानं छापली जातात. मी जादाची दोन मागच्या कोऱ्या बाजूसाठी ठेवून देते. चुकलं का काही?"

"नाही म्हणायचं कसं सुचलं तुम्हाला?" दुरुस्तीवाल्याला गंमत वाटली.

"का नाही सुचणार? एक्स्टेन्शन म्हणजे काय ते मला माहीत आहे. आमच्याकडे त्याच लाइनीवरच्या दुसऱ्या फोनला एक्स्टेन्शन म्हणत. साहेबाच्या टेबलावर एक, घरी एक. दुसरीकडचा रिसीव्हर कुणी उचलला की सगळं ऐकू येतं आणि बोलणाऱ्याला पत्ता नसतो. त्यात हे स्वतःच सांगतंय, मी सगळं वाचणार म्हणून! मैत्रिणीला विचारून घेतलं मी, ती एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारी बसायची, आता नातवाकडून हे सगळं शिकलीये." त्यांनी खणातून निळी वही काढली. यंत्राने कधी काय विचारलं, आपण काय दाबलं, तारखेसकट उतरवलेलं होतं. "हिला दर वेळी हाक मारली तर ही चिडते. म्हणून लिहून ठेवते आणि जेवणाच्या सुट्टीत विचारते."

दुरुस्तीवाला आपलं काम उरकून गेला. बाहेर त्या वेळी कुणी पेशंट नव्हतं. कानवालीने दार लावून घेतलं आणि वन्संच्या समोर, पेशंटच्या खुर्चीवर बसली. निवेदिकेला आलेला फोन, जिन्यातलं चोरून ऐकणं, दोन खोटी माणसं, सगळं तिने सांगितलं. सांगताना मधेच थांबली असती तर पुन्हा सुरुवात करायचं धैर्य झालं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

वन्संनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे घड्याळजी नाहीतच?"

"नाहीत."

"मी त्यांच्यासाठी परवा खाली शिंप्याकडे चौकशी केली. कुणी म्हातारा घड्याळं दुरुस्त करणारा माहीत आहे का म्हणून." त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "तीस वर्षं मी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. बापाचं बोलणं बंद झालं, तरी नाही केला. आणि तू मला विचारलंसुद्धा नाहीस. अगं, तोंडावर विचारायचं होतंस. मी रागावले असते, भांडले असते, पण ही वही तेव्हाच काढून दाखवली असती."

"वन्सं, माझं चुकलं."

"चुकलंच." त्यांनी पर्स उचलली आणि चार वाजताच घरी गेल्या. दीड वर्षात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी बाहेरचं टेबल रिकामं होतं. कानवालीने गेल्या दोन महिन्यांत उघडलेल्या अहवालांची यादी काढली. तीनशे सात माणसं. तिने पहिला नंबर लावला आणि अडखळत सांगितलं, की तुमच्या कानाची माहिती माझ्या चुकीमुळे बाहेर गेली आहे. पलीकडचा माणूस ओरडला. दुसऱ्याने शांतपणे कागद परत मागितले. तिसऱ्या आजींना कमी ऐकू येत असल्यामुळे तेच पाच वेळा मोठ्याने सांगावं लागलं, आणि खालच्या शिंप्याचं यंत्र थांबल्याचं तिला ऐकू आलं. संध्याकाळपर्यंत चाळीस झाले. निवेदिकेचा नंबर तिने तीनदा लावायला घेतला आणि तीनदा ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा वन्सं टेबलामागे बसलेल्या होत्या. चेहरा अजून उतरलेला.

"भावाने सांगितलं, घसा बसलाय तुझा," त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "निम्मी यादी इकडे दे. पण सांगून ठेवते, मी विसरलेले नाही. विसरायला वेळ लागेल."

"लागू दे."

"आणि त्या रेडिओवाल्या बाईंना तूच फोन कर. आत्ता. मी इथे बसलेय."

तिने केला. निवेदिकेने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे कुणी माणसाने सांगितलं नाही," निवेदिका म्हणाली.

"नाही. मी न वाचता हो म्हटलं. बाकी कुणाचा दोष नाही. आमच्या त्या बाईंचा तर मुळीच नाही."

"मी त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही त्या दिवशी. त्यांना सांगा, मला वाईट वाटलं." मग आवाज कोरडा झाला. "तुमच्याकडे मात्र मी पुन्हा येणार नाही, डॉक्टर. हे लेखी पाठवा. माझ्या प्रमुखांना दाखवायचंय की मी काही लपवाछपवी करत नव्हते, माझं चोरीला गेलं होतं."

तिने त्याच दिवशी लेखी पाठवलं, सही-शिक्क्यासकट. तक्रार जिथे करायची तिथेही केली. त्यांच्याकडून पोच आली, त्यापुढे अजून काही नाही. तीनशे सातपैकी एक्केचाळीस माणसांनी आपली कागदपत्रं दुसरीकडे नेली. उरलेल्यांमधले काही आता अहवाल घेताना विचारतात, हा कुठे कुठे जातो? कानवाली सांगते. जे माहीत नाही, ते माहीत नाही म्हणून सांगते.

दोन महिन्यांनी एका सकाळी ती जिना चढत असताना शिंप्याच्या दुकानातला रेडिओ चालू होता. निवेदिका ऐकणाऱ्या एकाशी फोनवर बोलत होती, हसत होती, त्याच्या वेड्यावाकड्या प्रश्नाला लगेच उत्तर देत होती. थेट. तिने कुणाकडून यंत्र बसवून घेतलं, बसवलं की नाही, कार्यालयात काय झालं, यातलं कानवालीला काही ठाऊक नव्हतं, आणि विचारायचा हक्कही उरला नव्हता. ती हातातल्या किल्ल्या तशाच धरून पायरीवर उभी राहिली, जाहिरात लागेपर्यंत ऐकत.